वहिनींना पॉवर हवी होती: इंटरमीजिएट खेळाडूच्या पॅडलची एक केस

ज्यांची ही केस आहे त्यांना आमच्या ग्रुपमध्ये सगळेच वहिनी म्हणतात, म्हणून इथेही तेच. वय पंचेचाळीसच्या आसपास, कॉलेजात बॅडमिंटन भरपूर खेळलेल्या, मग संसार-नोकरीत बरीच वर्षं खंड पडला, आणि आता ठाण्यात सोसायटीच्या कोर्टवर आठवड्यातून चार संध्याकाळी पिकलबॉल, तेही फक्त डबल्स. ड्यूपर रेटिंग (पिकलबॉल खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) ३.३ च्या आजूबाजूला घुटमळतंय. म्हणजे सर्व्हिस आत पडते, स्कोअर चुकत नाही, किचन लाइनपर्यंत (किचन म्हणजे नेटलगतचा पट्टा, तिथे उभं राहून टप्पा न पडलेला बॉल मारता येत नाही) पोचायचं असतं हे माहीत आहे आणि पोचतातही, पण तिथे गेल्यावर रॅली हातातून निसटते. इंटरमीजिएट लेव्हलचं चित्र साधारण असंच असतं. पॅडल सुरुवातीला घेतलेलं, दोन पॅडल आणि चार बॉलचा सेट मिळतो त्यातलं, फायबरग्लासचा फेस (बॉल लागतो तो पृष्ठभाग), १३ मिलिमीटरचा कोअर (दोन्ही फेसच्या मधला थर), वजनाला हलकं.

त्यांचं म्हणणं एकच होतं. "अरे, या पॅडलमध्ये दमच नाही, बॉल मागपर्यंत जातच नाही माझा, जरा पॉवरवालं सांग ना." बजेट दहा हजारांपर्यंत. भाच्याने एक लांबट आकाराचं १४ मिलिमीटरचं थर्मोफॉर्म्ड (गरम साच्यात दाबून केलेलं) कार्बन पॅडल सुचवलं होतं, व्हिडिओत मोठे खेळाडू तसलंच घेऊन खेळताना दिसतात म्हणून, आणि ते कार्टमध्ये टाकूनही झालं होतं. मी म्हटलं, "वहिनी, आत्ता नका दाबू बटण. आधी पॉइंट कुठे जातायत ते बघू."

मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका हाच गाळतात. पॅडल घेताना आपण विचारतो मला काय आवडेल, किंवा सगळे काय घेतायत, पण माझे पॉइंट कुठल्या जागी जातायत हे कुणी लिहून काढत नाही. आम्ही ते केलं. बाहेर बसलेल्या एकाने कागद घेतला आणि वहिनींच्या बाजूने गेलेली प्रत्येक रॅली कशी संपली ते टिपलं, नेटमध्ये, बाहेर, की बॉल उंच बसला आणि समोरच्याने तो मारला. तिसऱ्या रकान्यातच खुणा जास्त पडल्या, निम्म्याहून बऱ्याच जास्त. समोरून जोरात आलेला बॉल ब्लॉक करताना (नुसतं पॅडल धरून अडवताना) वर उडतोय, डिंक करताना (किचनवरून समोरच्या किचनमध्ये अलगद टाकताना) नेटच्या वर हातभर जातोय, आणि समोरच्याला आयतं मिळतंय. मागून मारलेले ड्राइव्ह (जोरातले सपाट फटके) आखूड पडत होते हे खरंच होतं, त्यांची तक्रार खोटी नव्हती, पण त्या आखूड ड्राइव्हमुळे थेट गेलेले पॉइंट अगदी थोडे. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध मागत होत्या ते दुखणं होतं, पण मॅच त्याच्यामुळे जात नव्हती.

आता बॉल वर का उडतो. यातला अर्धा भाग बॅडमिंटनचा आहे. बॅडमिंटनची रॅकेट ८०-८५ ग्रॅमची, सगळी करामत मनगटाची, आणि शटल कितीही जोरात मारलं तरी हवेत पटकन मंदावतं. पिकलबॉलचा प्लास्टिकचा बॉल २२ ते २६ ग्रॅमचा, तो तसा मंदावत नाही, आणि पॅडल बॅडमिंटनच्या रॅकेटच्या अडीचपट वजनाचं. डिंकला मनगटाचा जरासा झटका बसला की बॉल वर. वर्षानुवर्षांची सवय, ती पॅडल बदलून जाणार नाही हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं. पण उरलेला भाग पॅडलचाच होता. फायबरग्लासचा फेस लवचिक, बॉल लागला की दबून परत उसळी देतो, आणि मागे कोअर पातळ असला की तो दणका जिरवायला जागाच कमी. नवशिक्याला हे बरं वाटतं, कमी ताकदीत बॉल पलीकडे जातो. किचन लाइनवर उभं राहून समोरचा जोरात मारतोय आणि तुम्हाला तो बॉल अलगद खाली बसवायचाय, तेव्हा हीच उसळी अंगावर येते.

अजून एक गोष्ट लक्षात आली जी पॅडलची नाही पण सांगायलाच हवी. बॅडमिंटनचं डबल्सचं कोर्ट आणि पिकलबॉलचं कोर्ट मापाला एकच, २० बाय ४४ फूट, म्हणून आपल्याकडे सोसायट्यांमध्ये बॅडमिंटनच्या कोर्टवरच नेट खाली ओढून खेळ सुरू होतो. पण बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून साडेसहा फुटांवर असते आणि पिकलबॉलचं किचन सात फुटांचं. आमच्याकडे बरेच दिवस तीच बॅडमिंटनची लाइन किचन म्हणून चालवली जात होती. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट, म्हणजे समोरासमोर उभे असलेले खेळाडू फूटभर जवळ आले. जलद हातांच्या खेळात फूटभर खूप होतो. पॅडलवर खर्च करण्याआधी खडूने सात फुटांवर लाइन मारली, त्यानेही थोडा फरक पडला.

मग पॅडल हातात घेऊन नीट बघितलं. हँडलवर दोन ओव्हरग्रिप (वरून गुंडाळायच्या पट्ट्या), एकावर एक. कारण विचारलं तर म्हणाल्या घामाने सटकतं. ठाण्याची हवा, ऑक्टोबर असो की मे, पाच मिनिटांत हाताला धार लागते, त्यामुळे समजण्यासारखं आहे. पण हँडलचा मूळ घेर ४.२५ इंच, त्यावर दोन ओव्हरग्रिप म्हणजे ४.३७ च्या घरात. हाताचं माप घेतलं, तळहाताच्या मधल्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत टेप लावायची, ते भरलं ४ इंचाला जेमतेम. बॅडमिंटनची ग्रिप सव्वातीन-साडेतीन इंचाची असते, त्या हाताला हे हँडल फारच जाड. जाड हँडल बोटांत नीट बसत नाही म्हणून मूठ आवळली जाते, आवळलेल्या मुठीने डिंक मऊ लागत नाही, आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला ओढ बसते. वहिनींना तिथे दुखायला लागलेलं होतंच, चहाचा कप उचलताना जाणवतं म्हणाल्या. हे त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं, विचारल्यावर कळलं. पॅडल सुचवणाऱ्याने पहिला प्रश्न बजेटचा न विचारता कोपराचा विचारावा असं माझं ठाम मत आहे.

नवीन काही घेण्याआधी जुन्याच पॅडलवर एक प्रयोग केला आणि या केसमधला सगळ्यात कामाचा भाग तोच ठरला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पॅडल ठेवलं, भरलं २१४ ग्रॅम. त्यातले दहाएक ग्रॅम त्या दोन ओव्हरग्रिपचेच, म्हणजे ते वजन मुठीत, बॉल लागतो त्या भागाला त्याचा काही उपयोग नाही. एक ओव्हरग्रिप काढली, दुसरी जुनी चिकट प्रकारातली होती ती बदलून घाम शोषणारी कोरडी लावली, आणि फेसच्या दोन्ही कडांना, घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी, तीन-तीन ग्रॅमची वजनाची टेप चिकटवली. (ही टेप शिशाची असेल तर लावून झाल्यावर हात साबणाने धुवायचे आणि तिच्यावरून वर एक साधी टेप मारायची, लहान मुलं पॅडलला हात लावतात. टंगस्टनची मिळते ती महाग पण ती कटकट नाही.) परत काट्यावर ठेवलं, २१५ ग्रॅम. एकूण वजन तेवढंच, एक ग्रॅमचा फरक. पण कोर्टवर पहिल्याच ब्लॉकला वहिनी थांबल्या, पॅडलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे वळत नाहीये आता."

कारण सरळ आहे. बॉल मधोमध न लागता कडेला लागला की पॅडल मुठीत फिरतं, आणि त्या फिरण्याला विरोध वजन किती यापेक्षा ते मधल्या रेषेपासून किती लांब आहे यावर जास्त ठरतो, लांबी दुप्पट झाली की विरोध चौपट. यालाच ट्विस्ट वेट म्हणतात. स्विंग वेट म्हणजे पॅडल फिरवताना ते किती जड लागतं, वजन टोकाकडे गेलं की हे वाढतं. खोक्यावर छापलेले ग्रॅम किंवा औंस हे दोन्ही सांगत नाहीत. सारख्याच वजनाची दोन पॅडल हातात पूर्ण वेगळी लागतात, आणि लोक मात्र दुकानात विचारतात वजन किती.

या प्रयोगाने दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. ब्लॉक कडेला लागून तिरके जाणं लगेच कमी झालं, म्हणजे तो प्रश्न स्थिरतेचा होता. पण मधोमध लागलेला बॉलही अजून उंच उडत होता, टेपने त्यात काही फरक नाही, म्हणजे तो प्रश्न फेस आणि कोअरचा. आता कळलं की नवीन पॅडल खरंच लागणार आहे आणि कशासाठी लागणार आहे. काहींच्या बाबतीत इथेच काम भागतं आणि दोन-तीनशे रुपयांच्या ओव्हरग्रिप-टेपवर वर्ष निघतं, तेही चांगलंच की.

आकाराचं गणित नियमातूनच येतं. पॅडलची लांबी आणि रुंदी मिळून २४ इंचांच्या वर जाता येत नाही आणि लांबी एकटी १७ इंचांच्या वर नाही. वजनाला मर्यादा नाही. म्हणून बाजारात लांबट पॅडल साडेसोळा बाय साडेसात, रुंद पॅडल सोळा बाय आठ, आणि मधले हायब्रिड. लांबी घेतली की रुंदी सोडावी लागते, दोन्ही मिळत नाही. लांबट पॅडलने पोच वाढते, टोकाचा वेग वाढतो, सर्व्हिस आणि ड्राइव्हला जोर येतो, हँडलही बहुतेक लांब असतं त्यामुळे दोन हातांचा बॅकहँड मारणाऱ्याला दुसरा हात ठेवायला जागा मिळते. बदल्यात स्वीट स्पॉट (फेसवरची बॉल सगळ्यात चांगला लागतो ती जागा) अरुंद आणि वर सरकलेला, स्विंग वेट जास्त, त्यामुळे जवळून झटापट सुरू झाली की पॅडल वेळेत समोर आणणं कठीण. रुंद पॅडल याच्या उलट. वहिनी बॅकहँड एकाच हाताने मारतात, उंची बेताची, खेळ डबल्सचा, पॉइंट जातात किचनवर. लांबट पॅडलचे जे फायदे ते त्यांच्या खेळात वापरलेच जात नव्हते, आणि जे तोटे ते सगळे त्यांच्या कमजोर जागी.

पण हे नुसतं सांगून पटत नाही, आणि पटूही नये, हातात घेऊनच बघायला पाहिजे. सुनील वालावलकरांनी कॅनडातून हा खेळ मुंबईत आणला त्याला आता बरीच वर्षं झाली, कोर्टं गल्लोगल्ली झालीत, पण चार पॅडल घेऊन खरोखर खेळून बघू देतील अशी दुकानं शोधावी लागतात. त्यामुळे ग्रुपमधूनच उसनी घेतली. एक भाच्याने सुचवलं होतं त्या जातीचं लांबट थर्मोफॉर्म्ड १४ मिलिमीटर, दुसरं रुंद, १६ मिलिमीटर, रॉ कार्बनचा फेस, आतला मधमाशांच्या पोळ्यासारखा कोअर साध्या पॉलिप्रॉपिलीनचा, जास्त पॉवरसाठी काही केलेलं नाही असं.

ट्रायल घेताना लोक बेसलाइनवर उभे राहून चार ड्राइव्ह मारतात आणि ठरवतात, आवाज मस्त येतो, बॉल सुसाट जातो, झालं. आम्ही उलटं केलं. बॉल तोच, समोरचा खेळाडू तोच, आधी क्रॉसकोर्ट डिंक, मग तो जोरात मारणार आणि वहिनींनी फक्त किचनमध्ये बसवायचा, मग मधल्या कोर्टातून रिसेट (जोराचा बॉल मंद करून किचनमध्ये टाकणं), आणि ड्राइव्ह सगळ्यात शेवटी. आणि हे पुन्हा गेम्स खेळून दमल्यावर, कारण ताजा हात कुठल्याही पॅडलशी जुळवून घेतो, दमलेला घेत नाही.

पहिल्या दिवशी वहिनींना लांबटच आवडलं. सर्व्हिस खोल जात होती, चेहऱ्यावर आनंद दिसत होता, आणि तो आनंद मी कमी लेखत नाही, मजा येत नसेल त्या पॅडलने कोण खेळणार. पण संध्याकाळ संपता संपता जवळच्या झटापटीत पॅडल उशिरा यायला लागलं, बॅकहँडला बॉल खालच्या कोपऱ्यात लागून पॅडल वळत होतं आणि रिसेट तर जुन्या पॅडलपेक्षाही उंच. थर्मोफॉर्म्ड म्हणजे फेस, कड आणि हँडल गरम साच्यात दाबून एकसंध केलेलं असतं, बहुतेकदा कडेने फोमही भरलेला असतो, त्याने पॅडल ताठ होतं आणि बॉल जोरात परत फेकतं. ज्याचे हात मऊ आहेत, म्हणजे ज्याला बॉल अलगद घेता येतो, त्याला ती ताकद वापरता येते. रुंद १६ मिलिमीटरच्या पॅडलने पहिल्या पाच मिनिटांत वहिनी नाराज, "हे मेलेलं आहे रे." तीच गोष्ट ब्लॉकच्या ड्रिलला त्यांना हवीशी वाटली, कारण बॉल आपोआप समोरच्याच्या पायाशी बसायला लागला. जाड कोअर दणका जास्त जिरवतो, तेच डिंकला कंट्रोल आणि ड्राइव्हला मेलेलं.

फेसबद्दल एक सांगतो, कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथे वाया घालवतात. हल्ली प्रत्येक पॅडलवर टी७०० लिहिलेलं असतं, तो जपानच्या तोरे कंपनीच्या कार्बन फायबरचा दर्जा आहे. धागा चांगला असेलही, पण पॅडल कसं खेळेल हे कोअरची जाडी, बांधणी आणि वजन कुठे आहे यावर जास्त ठरतं, नुसता टी७०० बघून काही कळत नाही. रॉ कार्बन म्हणजे वर रंग किंवा वाळूचा थर न देता कार्बनच्या पृष्ठभागाचाच खरखरीतपणा ठेवलेला, त्याने बॉल पकडला जातो आणि स्पिन मिळतो. वहिनींना मुद्दाम स्पिन मारता येत नव्हता, पण खाली बसणाऱ्या डिंकला ती पकड उपयोगी पडतेच, म्हणून रॉ कार्बन घ्यावं असं ठरलं. केवलार, टायटॅनियमची वीण वगैरे नावांच्या मागे या लेव्हलला जास्त पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

शेवटी घेतलं ते रुंद, १६ मिलिमीटर, रॉ कार्बन, हँडलचा घेर ४ इंच आणि वजन २२४ ग्रॅम, साडेसात हजारांच्या आत. २२४ का, तर त्यांचं जुनं २१४ चं, एकदम २४० वर उडी मारली असती तर दुखऱ्या कोपरावर आणि खांद्यावर ताण आला असता, आणि २२४ पेक्षा हलकं घेतलं असतं तर जोराच्या बॉलला परत तेच वळणं. हलकं पॅडल हाताला सोपं हा समज अर्धाच खरा आहे, हलकं पॅडल दणका स्वतः घेत नाही, तो हाताकडे जातो. घेण्याआधी मॉडेल यूएसए पिकलबॉलच्या (अमेरिकेतली या खेळाची संघटना) मंजूर यादीत शोधलं, नुसता शिक्का बघून समाधान नाही मानलं, कारण नामांकित पॅडलच्या नकला सर्रास विकल्या जातात आणि शिक्का छापणं अवघड नाही. किंमत विश्वास बसणार नाही इतकी कमी असेल तर विश्वास ठेवू नये. पॅडल आल्यावर काट्यावर ठेवलं आणि बॉलने फेसवर सगळीकडे टकटक करून आवाज ऐकला. सगळीकडे सारखा आवाज हवा, एखाद्या ठिकाणी वेगळा पोकळ किंवा बोदा आला तर आतला थर सुटलेला किंवा कोअर दबलेला असू शकतो, परत करायची मुदत असते तेव्हाच हे करावं.

पुढे काय झालं. ब्लॉक आणि डिंक लवकर सुधारले, पुन्हा कागद घेऊन बसलो तेव्हा तिसरा रकाना बराच रिकामा होता. थर्ड शॉट ड्रॉप (सर्व्हिस आणि रिटर्ननंतरचा तिसरा फटका, किचनमध्ये अलगद टाकायचा) मात्र तसाच, नेटमध्ये, त्यात पॅडलने काहीच केलं नाही कारण प्रश्न गुडघे न वाकण्याचा होता. ड्राइव्ह सुरुवातीला आधीपेक्षाही आखूड पडले, वहिनी वैतागल्या, दोन-तीन वेळा जुनं पॅडल घेऊन खेळल्या. पण नवीन पॅडलमध्ये मनगटाने मारून बॉल जातच नव्हता, त्यामुळे हळूहळू खांदा आणि कंबर वापरायला लागल्या आणि मग खोली आली. नंतर दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रॅम टेप लावली, आता २२८. ती पहिल्या दिवसापासून लावली नाही हे बरं झालं, एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने काय झालं ते कळतं. कोपराचं श्रेय मी पॅडलला देणार नाही, त्यांनी फिजिओकडे जाऊन व्यायाम केले, चारच्या तीन संध्याकाळी केल्या, आणि बारीक हँडलमुळे मूठ सैल झाली, या सगळ्याचं मिळून ते झालं.

रॉ कार्बनचा खरखरीतपणा खेळून खेळून गुळगुळीत होत जातो, त्यावर बॉलचा प्लास्टिकचा थरही बसतो, तो कार्बन फेससाठी मिळणाऱ्या रबरी खोडरबराने अधूनमधून काढायचा. आणि पॅडल उन्हात बंद गाडीत ठेवायचं नाही, आत सगळा कारभार गोंदावर चिकटलेला असतो.

याच ग्रुपमध्ये वहिनींचे पार्टनर काका आहेत, आयुष्यभर टेनिस खेळलेले, उंच, दोन हातांचा बॅकहँड, हात मऊ, किचनवर क्वचित चुकतात, पण बॉल जोरात मारून पॉइंट संपवता येत नाही म्हणून समोरचे त्यांना नुसते खेळवत बसतात. त्यांचाही कागद भरला. वहिनींच्या कार्टमधून जे काढून टाकलं होतं, तेच लांबट १४ मिलिमीटरचं पॅडल काकांनी घेतलं, आणि त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर निघालं.